एक मूठ बी राखून ठेवा

फेब्रुवारी महिना आला की घराघरांत कपाटांचा घोळ सुरू होतो. स्वेटर धुऊन आत ठेवावेत, तर पहाटे दूध आणायला जाताना हुडहुडी भरते. बाहेर ठेवावेत, तर दुपारी जेवण होताच कुणीतरी पंख्याचं बटण दाबतं. आपण निदान स्वेटर घालू-काढू तरी शकतो. गच्चीवरच्या, गॅलरीतल्या कुंड्यांना ती सोय नाही. पुण्यासारख्या ठिकाणी या महिन्यात पहाटे बारा-तेरा अंश आणि दुपारी बत्तीस-तेहतीस अंश, अशी वीस अंशांची उडी रोज असते. जमिनीत खोलवर गेलेल्या झाडाला ती एवढी जाणवत नाही. वितभर मातीत उभ्या असलेल्या रोपाला मात्र ती सोसावीच लागते.

आणि नेमक्या याच दिवसांत उन्हाळी भाज्यांची पेरणी करायची असते! भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी, कारलं. फुलांत झिनिया, झेंडू, ऑफिस टाइम. हिवाळी पिटुनिया, फ्लॉक्स आणि अ‍ॅस्टरनं मुक्काम हलवायची तयारी केलेली असते, कुंड्या रिकाम्या होत असतात आणि हात शिवशिवत असतात. आमच्या इमारतीत दर वर्षी जानेवारी सरता सरता जिन्यात कुणीतरी मला गाठतंच, "काकू, भेंडी लावू का आता?"

कोथरूडच्या आमच्या गच्चीवर मी गेली सव्वीस वर्षं भाज्या लावते आहे. सुरुवातीच्या काळात या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर असे, "शिवरात्र होऊ दे गं, मग लाव." शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असं आमची आई सांगायची. त्यातूनही कुणाला शंका राहिलीच, तर 'होळी जळाली, थंडी पळाली' ही म्हण होतीच. ही वचनं काही उगाच झालेली नाहीत. कित्येक पिढ्यांनी पहाटे अंगण झाडताना बांधलेला तो अंदाज आहे.

पण त्यात एक मेख आहे. शिवरात्र चंद्राच्या चालीवर येते आणि माती तापते सूर्यावर. २०२४ साली महाशिवरात्र ८ मार्चला होती, तर २०२५ साली २६ फेब्रुवारीला. अधिक मास पडला की सण पुढे सरकतात, मग पुन्हा दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे येतात. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. ते पंचांग बघत आणि आभाळही बघत. आपण पंचांगाचा तेवढा एक ओळीचा भाग उचलला आणि आभाळाकडे बघायचं विसरलो.

आभाळाकडे बघायचं म्हणजे काय, तेही समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडची थंडी ही बाहेरून आलेली पाहुणी. भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघालेले पश्चिमी झंझावात हिमालयापर्यंत येतात, तिथं बर्फ पाडतात, आणि ते पुढे सरकले की मागोमाग उत्तरेचं कोरडं, गार वारं खाली उतरतं. आधी खानदेश, नाशिक, विदर्भ, मग आपण. हा पाहुणा फेब्रुवारीत दोनदा-तीनदा येऊन जातो. 'गेला एकदाचा' म्हणून आपण दार लावावं आणि त्यानं पुन्हा कडी वाजवावी, असा प्रकार. मध्येच समुद्रावरून बाष्प आलं आणि त्याची या गार वाऱ्याशी गाठ पडली, की ढग दाटतात, अवकाळी पाऊस पडतो, कधी गाराही कोसळतात. पुण्यात १९२८ साली शिमल्याहून हवामान खात्याचं मुख्यालय आलं आणि शिवाजीनगरला 'शिमला ऑफिस' हे नाव कायमचं चिकटलं. त्यामुळे पुणेकरांना हवामानाबद्दल बोलण्याचा खास अधिकार आहे, असं आम्ही समजतो. तरीही फेब्रुवारीच्या बाबतीत आमचीसुद्धा मती चालत नाही.

मग थांबावं, चांगला मार्च येऊ द्यावा, असं कुणी म्हणेल. पूर्वी तसं चालायचं. आता थांबण्यालाही किंमत मोजावी लागते. भारतातला २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या सरासरीत १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. दोनच वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीनं महिन्याच्या सरासरी तापमानाचा १९०१ पासूनचा विक्रम केला. ऊन लवकर चढलं की वेलभाज्यांचं गणित बिघडतं. काकडी, दुधी, दोडका यांच्या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. उष्मा वाढला की नर फुलांचीच भरताड होते आणि फळ धरणारी मादी फुलं कमी येतात. टोमॅटोचं फूल कडक उन्हात फळ न धरताच गळून पडतं. म्हणजे अलीकडे गारठा आणि पलीकडे तडाखा. या दोहोंच्या मध्ये पेरणीसाठी जी फट असते, ती अरुंद होत चालली आहे. घरच्या बागेची या दिवसांतली खरी अडचण ही आहे.

यावर उपाय काय? माझा पहिला उपाय स्वयंपाकघरात आहे, आणि तो कुठल्याही गृहिणीला शिकवावा लागत नाही. भेंडीचं बी सतरा-अठरा अंशांच्या खालच्या मातीत धड उगवत नाही. काकडीवर्गीय बियांचंही तेच. गार ओल्या मातीत बी नुसतं पडून राहतं आणि कुजतं. आता मातीचं तापमान मोजायला घरात साधन नसेल, तर विरजणाकडे बघा. पौषात रात्री लावलेलं दही सकाळी पातळच असतं, म्हणून आपण भांडं फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवतो. मटकीला मोड यायला दोन दिवस लागतात. ज्या सकाळी कसलेही लाड न करता दही घट्ट लागलेलं दिसेल आणि मटकीला रातोरात मोड फुटतील, त्या सकाळी समजावं की बियांचे दिवस जवळ आले. अर्थात घरातली ऊब वेगळी आणि गच्चीवरची वेगळी. म्हणून सकाळी आठ वाजता कुंडीच्या मातीत बोट दोन पेरं खोल घालून बघायचं. बोटाला गारवा झोंबला, तर पाकीट परत डब्यात. लागोपाठ चार सकाळी माती कोमट लागली, तर बिया भिजत घालायच्या. भेंडीला एक रात्र पुरते. कारल्याचं कवच टणक, त्याला पूर्ण दिवस भिजवून ओल्या फडक्यात बांधावं, मटकीसारखंच.

हे होईपर्यंत हात रिकामे ठेवायचं कारण नाही. संपलेल्या कुंड्यांतली माती प्लास्टिकच्या कागदावर पसरून चार-पाच दिवस खडखडीत ऊन खाऊ द्यावी, जुनी मुळं वेचून काढावीत, मग तिसरा हिस्सा कुजलेलं खत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळावी. हिवाळी फुलझाडं फुलं संपली म्हणून लगेच उपटू नयेत, त्यांची बोंडं वाळू द्यावीत. पुढच्या वर्षीचं बी त्यातच आहे. मोगऱ्याला जानेवारीअखेर पाणी तोडून ताण द्यावा, पानं काढून हलकी छाटणी करावी, आणि थंडी ओसरतेय असं दिसलं की माती मोकळी करून खत-पाणी सुरू करावं. त्याचं फळ चैत्रात ओंजळीनं मिळतं. मात्र ताणाच्या दिवसांतच अवकाळी पाऊस आला तर कुंड्या आडोशाला सरकवाव्या लागतात, नाहीतर ताण अर्ध्यावर मोडतो.

याच सुमारास रस्त्यावरच्या झाडांची पानगळ सुरू होते. सकाळी सोसायटीच्या दारात पाचोळ्याचे ढीग लागतात आणि काही ठिकाणी तो चक्क पेटवून देतात. बघून जीव तुटतो. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी आणि त्यांच्या 'प्रयोग परिवारा'नं पाचोळ्याची माती करण्याचा नाद किती घरांना लावला! तोच पाचोळा कुंडीत दोन-तीन बोटं जाड पसरला, की रात्रीची ऊब धरून ठेवतो आणि दुपारची ओल उडू देत नाही. थंडी आणि ऊन, दोन्हींवर एकच फुकटचं औषध. बाकीची पथ्यंही साधी आहेत. गारठ्याच्या दिवसांत पाणी संध्याकाळी नको, सकाळी द्यावं. कोवळ्या रोपांच्या कुंड्या पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवाव्यात, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. आणि ढगाळ हवा दोन दिवस टिकली, की पानांची मागची बाजू उलटून बघावी. मावा तिथंच बसलेला असतो. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारला तर बहुतेक वेळा भागतं.

एवढं सगळं करूनही हवामान दगा देऊ शकतं. म्हणून दुसरा उपाय, आणि माझ्या मते मुख्य उपाय, म्हणजे पाकिटातलं सगळं बी एकदम न पेरणं.

हे मला एका काकडीनं शिकवलं. माझ्या आईनं तिच्या माहेराहून, वाईजवळच्या गावाहून आणलेली ही काकडी बुटकी, पांढरट आणि जाड सालीची. दिसायला काही खास नाही. पण कोशिंबीर करावी तर तिचीच आणि थालीपिठात किसावी तर तिचीच. आई दर वर्षी एक काकडी वेलावरच पिवळीधमक होऊ देई, बी धुऊन, सावलीत वाळवून, चुलीच्या राखेत घोळून काचेच्या बरणीत ठेवी. आई २०२१ साली गेली आणि बरणी माझ्याकडे आली. गावी आता ती काकडी कुणी लावत नाही. मी चौकशी केली, तर भाऊ म्हणाला, "ताई, आता सगळे पाकिटातलंच बी आणतात गं. ते जुनं कुणी ठेवलंय?"

२०२३ च्या त्या उष्ण फेब्रुवारीत वेल भरभरून वाढले, फुललेही. पण सगळी नर फुलं. दुपारच्या उन्हात मधमाश्याही फिरकेनात. एकच काकडी पिकली. तिचं बी मी पाण्यात टाकलं, तर बहुतेक पोकळ, वर तरंगणारं. तळाला बसलेलं, भरलेलं बी मोजलं. एक्केचाळीस. आईच्या माहेरच्या मातीतून आलेली एक गोष्ट आता एका वाटीच्या तळाशी मावत होती.

पुढच्या वर्षी त्या एक्केचाळीसांचे मी तीन भाग केले. बारा बिया फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कागदी पेल्यांत, खिडकीच्या आत. बारा बिया महिन्याच्या अखेरीला थेट कुंडीत. उरलेल्या सतरांना हात लावायचा नाही, मग काहीही होवो. पहिल्या हप्त्यातली तीनच रोपं जगली, आणि गच्चीवर नेल्यावर आलेल्या गार वाऱ्यात तीही खुरटली. तो हप्ता गेला तर जाईल, हे धरूनच पेरला होता. हवा लवकर तापली असती, तर तोच कामी आला असता. दुसऱ्या हप्त्यातल्या नऊ वेलांनी मांडव धरला. सकाळी सात-साडेसातच्या सुमारास मी नर फूल खुडून मादी फुलाला लावत होते. मादी फूल ओळखणं सोपं, पाकळ्यांच्या मागे इवलीशी काकडी असते. त्या वर्षी आम्ही चार काकड्या खाल्ल्या आणि तीन पिकू दिल्या. आता बरणीत बी बोट बुडेल इतकं आहे.

हप्त्यानं पेरणं हे काही नवं शास्त्र नाही. घरखर्चाचे सगळे पैसे आपली आजी एका डब्यात ठेवत नसे. थोडे डाळीत, थोडे तांदळात, थोडे देवामागे. बियांचंही तसंच करावं. पाकिटातला एक भाग लवकर, एक भाग पंधरा-वीस दिवसांनी, आणि एक मूठ राखून. काकडीचं, भेंडीचं बी कोरडं ठेवलं तर काही वर्षं टिकतं. कांद्याचं मात्र वर्षभरातच वापरावं लागतं, त्यामुळे राखून ठेवताना एवढं ध्यानात ठेवायला हवं.

इथं मला माझ्या मावसभावाची आठवण येते. तो निफाड तालुक्यात द्राक्षं करतो. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर जी गारपीट झाली, तिनं नाशिकपासून सोलापूर, मराठवाडा, विदर्भापर्यंत उभी पिकं झोडपली. द्राक्ष, डाळिंब, कांदा, गहू, हरभरा, काही सुटलं नाही. त्याचा माल आठवड्याभरात निघायचा होता. अर्ध्या तासात जमिनीवर मण्यांचा चिखल झाला. मी भेटायला गेले तेव्हा धीर द्यायचा म्हणून माझ्या गच्चीवरचं सांगत होते, गारा आल्या तेव्हा रोपांवर टोपल्या कशा पालथ्या घातल्या ते. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुझं बरं आहे. तीन एकरांवर मी कुठली टोपली घालू?"

त्या वाक्यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, अजूनही नाही. काही बागायतदार आता बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घालतात, पण तो खर्च प्रत्येकाला झेपणारा नाही. आपली चार रोपं गेली तर आपण बाजारातून भाजी आणतो. ज्यानं ती पिकवायची त्याचं अख्खं वर्ष जातं, आणि डोक्यावर कर्ज राहतं. घरी बाग करणाऱ्या माणसाला निदान एवढं कळायला हवं. फेब्रुवारीत ढग आले आणि आपण कुंड्या आत ओढायला धावलो, की त्याच ढगाखाली उघड्यावर काय काय उभं आहे, ते आठवायला हवं. मंडईत गवार महागली म्हणून चिडण्याआधी तर नक्कीच.

आणि बी राखणं ही मोठ्या शेताइतकीच परसबागेची गोष्ट आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे, भाज्यांचे, धान्याचे गावठी वाण आपल्या घरात जपले, इतर बायकांना वाटले, आणि २०२० सालच्या पद्मश्रीसाठी त्यांची निवड झाली. शाळेची पायरीही न चढलेल्या या बाईंनी ओळखलं होतं, की एका घरात साठवलेलं बी त्या घरावरच्या संकटाबरोबर जातं, दहा घरांत वाटलेलं बी राहतं.

म्हणून माझा तिसरा उपाय पोस्टाच्या पाकिटातला आहे. आईच्या काकडीच्या दहा-दहा बिया मी कागदाच्या पुड्यांत बांधल्या. एक पुडी दापोलीला बहिणीकडे. एक नागपूरला भाचीकडे, तिथलं ऊन आमच्याहून कडक. एक निफाडला मावसभावाकडे. एक तळमजल्यावरच्या काकूंना, त्यांच्याकडे जमिनीचा वाफा आहे. एका गावी हवा फिरली, तरी चारही गावी एकदमच फिरेल असं नाही. प्रत्येक पुडीवर एवढंच लिहिलं, 'सगळं एकदम पेरू नका. एक काकडी पिकू द्या. बी आलं की थोडं परत पाठवा.'

तेव्हा मंडळी, आज रविवार आहे. दुपारी जेवणं झाली की मुलांना हाताशी घेऊन बियांची पाकिटं, पुड्या, डब्या बाहेर काढा. त्यांच्यावरची तारीख बघा, एका वाटीत पाणी घेऊन काकडी-दोडक्याच्या पाच-सहा बिया टाकून बघा, तरंगणाऱ्या बाजूला करा. उरलेल्यांचे तीन भाग मुलांनाच करू द्या, आणि तिसऱ्या भागाच्या पुडीवर त्यांच्याच अक्षरात नाव आणि साल लिहून घ्या. पेरायची घाई आज नको. उद्या सकाळी आठ वाजता आधी मातीत बोट घालून बघा.